दाळ शिजवणारं पाणी

खाऱ्या पाण्यात तुरीची दाळ शिजत नाही. लाकडं जाळा, गॅस जाळा, कुकरच्या शिट्ट्या वाजवा; दाळ आपली तळाशी बसून राहते, रुसलेल्या जावयासारखी. नरम म्हणून पडत नाही. दर्यापूरच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठानं जेवढी गावं आहेत, तेवढ्या गावांत विहिरीचं पाणी खारं. साबणाला फेस नाही. डोक्यावरून घेतलं की केसांचा सुंभ. चहात दूध टाकलं की फाटलंच. पिण्याचं पाणी नळानं येते, अन् नळ त्याच्या मर्जीनं येते. आला त्या दिवशी गावात सण. ड्रम, पितळी गुंड, कळश्या, लेकरांच्या आंघोळीचे टप, सारं भरून ठेवायचं अन् मग पुन्हा नळाच्या नावानं बोटं मोडत बसायचं.

म्हणून आमच्याकडे पाण्याची परीक्षा सोपी. दाळ शिजली, चहा फाटला नाही, म्हणजे पाणी चांगलं. याच्या पुढची परीक्षा आम्हाला कोणी शिकवली नव्हती, अन् आम्हीही कोणाला विचारायला गेलो नव्हतो.

यंदा श्रावणात धर्मपालच्या विहिरीचं पाणी या परीक्षेत पास झालं.

ही विहीर गावाच्या उताराला, बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी. धर्मपालच्या बापानं, मोतीरामनं, सरकारी योजनेत ती स्वतः आत उतरून खोदली होती. पाणी लागलं तेव्हा त्यानं ओंजळ तोंडात घेतली अन् थुंकून टाकली. गाव हसलं. "मोतीराम, आता मिठाचं दुकान टाक," म्हणालं. मोतीराम गेला, विहीर राहिली. भांडी घासायला, बैलबंडी धुवायला. ढोरंसुद्धा तिचं पाणी तोंड वाकडं करून प्यायचे.

त्या दिवशी घरातला ड्रम खाली झाला होता. धर्मपालच्या बायकोनं, भावनानं, दाळीत विहिरीचंच पाणी टाकलं अन् मनाची तयारी ठेवली. झाकण उघडलं तर दाळीचं वरण झालेलं.

"आत्याबाई, हे पाहा बरं. कुकर बिघडला का काय?"

तिची सासू भागीरथा, सत्तरीची बाई, तिनं दाळ बोटानं चेपून पाहिली. सरळ विहिरीवर गेली. बादली सोडली, ओढली. एक ओंजळ तोंडात घेतली, गुळणी करून टाकली. दुसरी घेतली अन् गिळली. मग बादलीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"गोड हाये व."

"काहीच्या काही!"

"पे तू. पे अन् सांग."

भावना प्याली. गोड म्हणजे साखरेसारखं नव्हे. आमच्याकडे जे खारं नाही ते सारं गोड. भावनाचे डोळे मोठे झाले.

"तुह्या सासऱ्याले पानी लागलं," भागीरथा म्हणाली. "उशिरा लागलं, पन लागलं."

गावात बातमी पसरायला भोंगा लागत नाही. आधी पुऱ्यातल्या बाया आल्या. मग वरच्या आळीच्या. ज्यांच्या सासवा याच गावात भागीरथाच्या मायची सावली पडली तरी पदर झटकत, त्या सुना आता गुंड कमरेवर घेऊन विचारायच्या, "मावशी, माहा नंबर लागला का व?" भागीरथानं विहिरीपाशी खाट टाकली. सकाळी उठली की खाटेवर. तिचा एकच कायदा.

"भांडन करान त दोघीले हाकलीन. पानी सारायले भेटते. इथं कोनाले नाई म्हनत नाई."

हे 'नाई म्हनत नाई' ती रोज दहा येळा म्हणायची, कोणी विचारलं नसलं तरी. धर्मपाल वावरातून येताना लांबून पाहायचा. माय खाटेवर बसलेली, पाठ ताठ, अन् समोर बायांची लाईन. त्यानं तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. उभी पाहिली होती. लोकांच्या वावरात वाकलेली पाहिली होती. असं नाही.

चौकात बंडूची चहाची टपरी. बंडू म्हणजे गावातलं जुनं कुसळ. कोणाच्या लग्नात कोणाच्या चपला बदलल्या, कोणाच्या बकरीच्या गळ्यात सरपंचाच्या प्रचाराचा पट्टा निघाला, पहिलं नाव बंडूचं यायचं अन् ते बरोबरच असायचं. पंचेचाळिशी गेली, पोट सुटलं, खोड सुटली नाही. त्याची अन् धर्मपालची शाळेपासूनची दोस्ती. त्यानं टपरीवर पाटी लावली, 'दाळ शिजणाऱ्या पाण्याचा चहा'. धंदा दुप्पट झाला.

आशाताई सीमा विहिरीत टाकायला ब्लिचिंग पावडर घेऊन आली, तर भागीरथा खाटेवरून उठलीच.

"खबरदार! येवढ्या वर्षानं गोड झालं, त्यात वास सोडतं का?"

"मावशी, नियम हाये."

"तुहा नियम खाऱ्या विहिरीत टाक."

लाईनमधल्या बायाही सीमावर धावल्या. बंडू तर म्हणाला, "बाई, माह्या चहाले दवाखान्याचा वास येईन न!" सीमा पावडर घेऊन गेली. तेव्हा सारे हसले.

एक घर मात्र बरेच दिवस आलं नाही. ते खुशालरावचं. खुशालराव वरच्या आळीचा, विहिरीच्या थेट वरच्या बाजूला राहणारा. यंदा उन्हाळ्यातच त्यानं नवं घर बांधलं होतं, टाईल्सच्या न्हाण्या, टाईल्सचे संडास, गच्चीवर काळ्या टाक्या. नळ आला की तो मोटर लावून ओढायचा. त्याच्या टाक्या भरून वाहत अन् खालच्या नळांना नुसती हवा फुसफुसत राहायची. "आमाले काय गरज विहिरीची," तो चौकात म्हणायचा. "कुठलंबी पानी प्यायची सवय नाई आमाले."

पण महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्याचा अकोल्याचा जावई आला, तो पोट बिघडवूनच आला. आंबील राहिली, पुरणपोळी राहिली. जावयानं नव्या संडासाचं उद्घाटन केलं अन् दोन दिवस उद्घाटनच करत राहिला. त्याच गडबडीत टाकीतलं पाणी संपलं, अन् खुशालरावची बायको पार्वताबाई स्वतः गुंड घेऊन उतारावरून खाली आली. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. भागीरथानं तिला लाईनीत उभं केलं नाही. पाहुणी म्हणून आधी भरू दिलं.

संध्याकाळी धर्मपाल जेवायला बसला तर माय म्हणाली, "आज पार्वताबाई आल्ती."

"बरं."

थोड्या येळानं पुन्हा. "पार्वताबाई आल्ती म्हनलं आज. आपल्या विहिरीवर."

"आयकलं, माय."

"आयकलं त काही बोल."

धर्मपाल हसला. भाकरीचा तुकडा हातात धरून तो मायच्या तोंडाकडे पाहत राहिला.

सोयाबीन पिवळं पडून वाळलं तेव्हा गावाच्या पोटाला लागलं.

सोयाबीनचं असं असते, की एकदा शेंग वाळली की सोंगायला उशीर नको. ऊन तापलं की शेंगा तडतड फुटतात अन् दाणा जमिनीत जाते. धर्मपाल अन् भावना पहाटेच वावरात होते. इळ्यानं मूठ कापायची, मागं टाकायची. वाळल्या शेंगांची टोकं बोटांत घुसतात, हातमोजे घाला की कापड बांधा, संध्याकाळपर्यंत हाताची चाळण होते. भावना एका ओळीत दोनदा इळा टाकून तुरीच्या आडोशाला जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली ती परत येताना मधेच बसली.

"काय झालं व?"

"पोटात काहीच नाई राहिलं, तरी जाच लागते. नुसतं पानी, तांदूळ धुतल्यासारखं." तिनं पाय लांब केले. "पोटऱ्यात गोळे येऊन राहिले हो. दाबा जरा."

धर्मपालनं पाय दाबले. पोटरीतला गोळा हाताखाली दगडासारखा लागत होता. आजूबाजूच्या वावरात पाहिलं, तर माणसं कमी. बरेच मजूर आलेच नव्हते. जे होते त्यांच्यातला एक बांधाआड बसलेला, एक निघालेला. पीक उभं अन् माणसं बसलेली.

"पे पानी पे," तो म्हणाला अन् विहिरीच्या पाण्याची भरलेली बाटली त्यानं तिच्या तोंडाला लावली.

गावानं आधी पोट बिघडायचं कारण जत्रेतल्या पाणीपुरीवर टाकलं. मग शिळ्या आंबिलीवर. मग हवेवर. सीमा घरोघर ओआरएसच्या पुड्या वाटत फिरू लागली. पाण्याच्या बाटल्या भरून तिनं तपासणीला अमरावतीला पाठवल्या, अन् "तोपर्यंत पानी उकळून प्या, विहिरीचं त प्याच नका," असं ओरडून ओरडून तिचा घसा बसला. कोणी गॅस जाळून पाणी उकळत नाही. आधीच उकळलेल्या चहावर लोकांनी समाधान मानलं अन् वरून एक पेला थंड पाणी प्यायलं.

भावना दोन दिवसांत सावरली. भागीरथा पडली.

ती शेवटपर्यंत खाटेवरच होती, विहिरीपाशी. बायांनी घरात आणलं तेव्हा डोळे आत गेलेले, जीभ लाकडासारखी. धर्मपालनं तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली अन् सोडली. कातडी तशीच उभी राहिली, ओल्या धोतराच्या चुणीसारखी. लुगडं दोनदा बदललं. तिसऱ्यांदा तिनं सुनेचा हात धरला. "धर्मपालले बाहीर जा म्हना व," एवढंच बोलली. बंडूनं कोणाचा तरी ऑटो आणला. मागच्या सीटवर मायचं डोकं मांडीवर घेऊन धर्मपाल तालुक्याच्या दवाखान्यात गेला.

तिथं वऱ्हांड्यापर्यंत खाटा. आपल्याच गावची तोंडं. हाताला सलाईन, खाली बादली. डॉक्टर पोरगेलासा होता.

"पाणी कुठलं पिता?"

"गोड पानी, साहेब," धर्मपाल म्हणाला.

"गोड-खारं नाही विचारलं. कुठलं?"

"विहिरीचं. आमचीच हाये."

डॉक्टरनं मान हलवली. "जंतूंना चव नसते, काका. ही सगळी एकाच गावची माणसं आहेत. काय असेल ते पाण्यातच आहे." अन् तो पुढच्या खाटेकडे गेला.

सलाईनची तिसरी बाटली लागली तेव्हा भागीरथानं डोळे उघडले. ओठ हलले. धर्मपालनं कान जवळ नेला.

"लाईन हाये ना विहिरीवर?"

"हाये."

"कोनाले नाई म्हनू नोको."

"नाई म्हनत, माय."

तो बाहेर पायऱ्यांवर येऊन बसला. बंडू तिथंच तंबाखू मळत होता.

"बंड्या, एक गोष्ट सांगतो, हसू नोको."

"हसतच नाई. काल रात्रीपासून मी बी पाचदा जाऊन आलो. हसाची भीतीच वाटते."

"विहीर पाऊस नसताना चढते. मी दोरीच्या गाठीवरून पाह्यलं. नळ आला का दुसऱ्या दिवशी चढते. नळ नसला का उतरते."

"मंग?"

"मंग नळाचं पानी माह्या विहिरीत कुठून येते? माह्या घरचा नळ त नुसता फुसफुसते."

बंडूचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मग तो हळूहळू धर्मपालकडे वळला.

"खुशालभाऊच्या टाक्या वाहतात."

"त्या वाहतात. पन ते पानी जाते कुठं?"

"पेवात!" बंडू ओरडला, अन् वऱ्हांड्यातल्या नर्सनं डोळे वटारले तसा आवाज खाली आणला. "अरे, त्याच्या आज्याचं जवारीचं पेव नाई का अंगनात? जमिनीतलं, माणूस उतरत जाये ते. घर बांधलं तवा मिस्त्री म्हने टाकी खोदा. खुशालभाऊ म्हने, खड्डा आयता हाये, नवा काहून खोदू? न्हाणीचं, टाकीचं, अन्..."

त्यानं हातातला तंबाखू झटकला.

"संडासचं," धर्मपाल म्हणाला.

"संडासचं बी. साराच पाइप पेवात. गावानं त वाहवा केल्ती, काय डोकं चालवलं म्हून. मीच केल्ती."

पेव जुनं, आतून नुसता मातीचा लेप. त्याच्याखाली काळी माती, अन् आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात-हात खोल भेगा पडतात. पेवापासून विहिरीपर्यंत उतार. दोघांनाही नकाशा काढून दाखवायची गरज नव्हती.

मग बंडूच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी वाटलं ओकारी. पण ते हसू होतं.

"म्हंजे जावयाचं..." त्याला बोलता येईना. "म्हंजे सारं गाव... अन् मी पाटी लावून विकलं बे! अन् पार्वताबाई... त्यायचंच त्यायले..."

"हसू नोको म्हनलं होतं."

बंडूनं तोंड दाबलं. धर्मपाल मात्र हसला नाही. तो बोटांतले सोयाबीनचे काटे दातानं काढत होता.

"मी हे सांगू कसं?" तो म्हणाला. "पानी खराब हाये म्हनलं का वरची आळी काय म्हनीन, तुले माहीत हाये. पाजलं त्यायनं, म्हनतीन. त्यायची विहीर ते त्यायचीच, म्हनतीन. अन् खुशालभाऊचं पेव म्हनलं त पुरावा कुठी हाये? अन् माय..." त्यानं काटा थुंकला. "माय उठली का पहिले खाट विचारते."

"पुरावा मी देतो," बंडू म्हणाला.

"तू काही खोडी करू नोको."

"खोडी नाई. परीक्षा. दाळीच्या पुढची."

बंडूच्या टपरीत होळीचा उरलेला पक्का रंग होता. गुलाबी, चिमूटभर टाकला तर बादली लाल होते, अन् अंगाला लागला तर आठवडाभर जात नाही. त्यानं दोन पुड्या खिशात घातल्या, अन् भर दुपारी खुशालरावच्या दारात पोट धरून वाकडा होत गेला.

"भाऊ! भाऊ, लय जोराची लागली! घरापर्यंत पोचत नाई!"

खुशालराव झोपाळ्यावर बसला होता. पण त्या दिवसांत ही हाक गावात कोणीच टाळू शकत नव्हतं. "जा, जा बापा, मागं जा," तो म्हणाला. "पानी नीट टाकजो. टाईल्स नव्या हायेत."

आत बंडूनं दोन्ही पुड्या दातानं फाडल्या, ओतल्या, अन् पाच बादल्या पाणी टाकलं. घाईत ओल्या हातावर रंग सांडला. हात धुतले तर आणखी गुलाबी झाले. तो बाहेर आला तो दोन्ही हात काखेत दाबून, कुडकुडत.

"थंडी बी वाजून राहिली काय?" खुशालरावनं विचारलं.

"लय अशक्तपना आला, भाऊ."

"आशाताईच्या पुड्या घे. अन् त्या खालच्या विहिरीचं पिऊ नोको. मी आधीच म्हनत होतो."

बंडूनं वाकून नमस्कार करायचा मोह टाळला. हात काढता येत नव्हते.

धर्मपालनं तोपर्यंत एक छोटासा खोटेपणा केला. विहिरीचं चाक काढून घरात ठेवलं अन् सांगितलं, चाक तुटलं. दुसऱ्या दिवशी बाया आपापली दोरी घेऊन आल्या. काठावर वाकून, हातानं ओढून, पाणी घेऊन गेल्या. "तू मायजवळ राह्य, बापा," एकीनं मायेनं सांगितलं. "आमी भरून घेतो." घरात जाऊन धर्मपाल चाकाकडे पाहत बसला.

मग नळ आला. खुशालरावच्या टाक्या भरल्या, वाहिल्या. त्याच दिवशी भागीरथाला दवाखान्यातून सोडलं. धर्मपालनं तिला भिंतीलगत निजवलं. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर किंकाळी ऐकू आली.

पहिली बादली गुलाबी निघाली. दुसरीही. फिक्की, पण गुलाबीच. कोणी म्हणालं, देवीचं काही असेल. कोणी म्हणालं, औषध असेल. पण एका गड्यानं स्पष्टच म्हटलं, "चाक काढलं, तवाच वाटलं होतं मले. धर्मपालनं काही टाकलं." ते वाक्य लाईनीतून असं पसरलं की धर्मपाल घराबाहेर येईपर्यंत विहिरीभोवती सारं गाव गोळा झालं होतं. बाया गुंड घेऊन मागं सरकल्या होत्या. कालपर्यंत 'बापा' म्हणणारी ती बाई त्याच्याकडे पाहत नव्हती.

खुशालराव आला. पांढरे कपडे, हातात फोन.

"सांग बरं धर्मपाल, काय टाकलं? इतके लोक बिमार पडले, आता हे. पोलिसले बोलावतो. मी त पयलेच सांगतलं होतं गावाले, यायच्या विहिरीचं पिऊ नोका."

"यायच्या म्हंजे कोनाच्या, भाऊ?" धर्मपालनं विचारलं. आवाज बारीक निघाला.

खुशालरावनं फोनचा हात नुसता पुऱ्याकडे केला. पण साऱ्यांना ऐकू आलं.

धर्मपालला सारं सांगता आलं असतं. शब्द तयारही होते. पण मागं दारात माय उभी होती, भिंतीला धरून; तिनं लाईन पाहायला उठायचा हट्ट केला असणार. तो बोलायचं सोडून तिच्याच तोंडाकडे पाहत राहिला.

तेवढ्यात गर्दीतून बंडू पुढं आला. त्यानं दोन्ही हात वर केले. मनगटापर्यंत गुलाबी.

"मी टाकला रंग."

"मले वाटलंच!" खुशालराव ओरडला. "हा हलकट विहिरीत..."

"विहिरीत नाई टाकला, भाऊ." बंडू पहिल्यांदाच हसत नव्हता. "परवा मले तुमच्याकडं लागली होती, आठवते? मी तुमच्या संडासात टाकला. तिथून इथं आला तो."

माणसं गुलाबी बादलीकडे पाहत होती, मग वर, खुशालरावच्या घराकडे, मग पुन्हा बादलीकडे. प्रत्येकजण आपापल्या मनात किती पेले, किती चहा, किती वरण, हे आठवत होता. एक बाई बाजूला जाऊन ओकली. बंडूच्या टपरीचे गिऱ्हाईक बंडूकडे असे पाहू लागले, की तो हळूच म्हणाला, "मी बी पेलो न, बापहो."

"पेव," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला. "अरे, पेवात सोडलं होतं यानं."

खुशालरावचा फोन धरलेला हात खाली आला. त्याचं तोंड पाहण्यासारखं होतं, पण पाहिलं कोणीच नाही. कारण पार्वताबाई गर्दीत होती, अन् तिनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला होता. ज्या दिवशी जावई बिमार होता, त्याच दिवशी ती इथून गुंड भरून घेऊन गेली होती. तिच्या घरात सारे दोन आठवडे आळीपाळीनं पडत होते अन् ती हेच पाणी त्यांना पाजत होती.

पेव चार गड्यांनी मिळून दुसऱ्याच दिवशी फोडलं अन् बुजवलं. पाइप तोडला. खुशालराव घरातून बाहेर आला नाही, पण आडवाही आला नाही. त्याच्याकडे आता सारेच टमरेल घेऊन वावरात जात. अमरावतीहून पाण्याची चिठ्ठी आली; सीमानं ती वाचून दाखवायला आणली, अन् लोक म्हणाले, "ठेव बाई, आमाले रंगानं वाचून दाखवलं." सोयाबीनचं अर्धं पीक मात्र फुटून गेलं होतं, अन् ते कोणाला वाचवता आलं नाही.

विहिरीत सीमानं पावडर टाकली. या वेळी कोणी अडवलं नाही.

पण एक गोष्ट अशी झाली, जी शहाण्या माणसाला खरी वाटायची नाही. चार दिवस नळ आला नाही, अन् बाया पुन्हा विहिरीवर येऊ लागल्या. चोरून नाही, सरळ. पाणी अजून खारं झालं नव्हतं.

"उकळून घेतो, मावशी."

"गोड हाये न अजून. पेव त बुजवलं."

"दाळच शिजवाची हाये व, प्यायचं नाई."

भागीरथा पुन्हा खाटेवर होती. अंगात जीव नव्हता, काठी टेकून बसली होती. सीमा हो म्हणेपर्यंत आता तिचं काम उलटं, आलेल्या बाईला परत पाठवायचं. पहिल्या दिवशी तिला ते जमलंच नाही. बाई गुंड घेऊन आली, भागीरथानं तोंड उघडलं, बंद केलं, अन् धर्मपालला हाक मारली. त्यानं पाठवून दिली. घरात आल्यावर ती म्हणाली, "तू नोको म्हनू. माहीच जीभ हाये, मीच म्हनीन." दुसऱ्या दिवसापासून ती म्हणू लागली. नाई देत. घरी जा. नाई म्हनलं न. बाया चिडून जात. "आधी गावाले पाजलं, आता घमेंड आली," असं एकीनं पाठमोरं म्हटलेलं तिच्या कानावर आलं. ती काठी जमिनीवर आपटत राहिली.

सातव्या दिवशी, उन्हं कलली तेव्हा पार्वताबाई आली. डोक्यावर पदर. नजर जमिनीवर.

"एक गुंड दे, भागीरथा. टाक्यांत काहीच नाई. नळाची मोटर लोकायनं काढून टाकली. नातवाचं पोट अजून थांबलं नाई, त्याले त खारं पाजता येत नाई. मी उकळीन. चांगलं उकळीन."

"नाई देत."

पार्वताबाई हलली नाही. "माह्यावर राग हाये त..."

"राग नाई व. विहिरीचं नाई देत."

भागीरथा काठी टेकत घरात गेली. घरात नळाच्या पाण्याचा ड्रम होता, तळाला गेलेला. पुढच्या नळापर्यंत तेवढाच. भावना पुढं झाली, सासूचं तोंड पाहून बाजूला सरकली. भागीरथानं वाकून गुंडभर पाणी काढलं अन् बाहेर घेऊन आली.

पार्वताबाईनं आपला गुंड दोन्ही हातांनी पुढं धरला. भागीरथानं वरून ओतायला सुरुवात केली. हात उंच. पाण्याची धार लांब, खाली गुंडात पडून आवाज करणारी. भागीरथाच्या लहानपणी तिची माय खाली ओंजळ धरून उभी असायची, अन् वरून अशीच धार यायची, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. किती लांबून ओतायचं ते वरच्या बायांना बरोबर माहीत असायचं. आज हात आपोआपच तेवढ्या उंचीवर गेला होता.

भागीरथानं आपल्या हाताकडे पाहिलं. अर्धा गुंड तसाच ओतला. पार्वताबाईची मान खालीच होती, पण ती मागं सरकली नाही.

मग भागीरथानं हात खाली आणला. गुंडाच्या काठावर गुंड टेकला. उरलेलं पाणी आवाज न करता गेलं.

"नळाचं हाये," ती म्हणाली. "तरी उकळून घे."